पानशेतवरचा बॅले उभा करताना: पैशांच्या नोंदी, २०२४

नवीन, आधी कुणीच न पाहिलेला बॅले करायचा आणि त्यासाठी पैसे उभे करायचे असं ज्यांच्या डोक्यात आहे त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतेय. मी नाचत नाही, ग्रुपचा पैशांचा भाग बघते. नाचाबद्दल ताई (आमची नृत्यदिग्दर्शिका) बोलेल तेव्हा बोलेल, इथे फक्त पैसा कुठून आला, कुठून आला नाही आणि का, एवढंच.

१८ जानेवारी

विषय पक्का झाला. पानशेतचा पूर. १२ जुलै १९६१ ला सकाळी आंबी नदीवरचं अर्धवट बांधलेलं धरण फुटलं, पाणी खडकवासल्यावर आलं, तेही टिकलं नाही आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. ताईच्या डोक्यात साधारण पन्नास मिनिटांचा तुकडा आहे, आठ नर्तक, त्यातल्या चौघी पॉइंट शूजवर (बोटांच्या टोकावर उभं राहण्यासाठीचे बॅलेचे शूज), बाकी अनवाणी. संगीत नवीन, चेलो, डबल बास आणि पखवाज, मधे मधे पूर पाहिलेल्या माणसांचे रेकॉर्ड केलेले आवाज.

बजेट मांडलं, मांडताना भांडणं झाली, शेवटी हे ठरलं:

तालमी ६०, प्रत्येकी ७,५००: ४,५०,०००
संगीत आणि रेकॉर्डिंग: १,२०,०००
नृत्यदिग्दर्शन: १,००,०००
कपडे: ९०,०००
लाइट्स, साउंड: ८५,०००
पॉइंट शूज, १२ जोड: ८४,०००
हॉल, दोन प्रयोग आणि एक टेक्निकल दिवस: ७५,०००
फ्लोअर भाडं आणि टेम्पो: ५५,०००
छपाई, परवाने वगैरे: ३२,०००
फिजिओ: २४,०००
अडीअडचणीला: ८५,०००

एकूण बारा लाख. तिकिटांतून २,४०,००० येतील असं धरलंय, म्हणजे ९,६०,००० बाहेरून आणायचे.

भांडण पहिल्या ओळीवरून होतं. तालमीचे ७,५०० म्हणजे आठ जणांना ७०० प्रत्येकी, हॉलचं चार तासांचं भाडं १,६०० आणि चहा-केळी ३००. काहींचं म्हणणं की प्रयोगाचं मानधन द्या, तालमीचं कोण देतं? खरंच कुणी देत नाही, म्हणून तर तिशीच्या आत सगळे नाच सोडून झुंबा शिकवायला लागतात. ही ओळ शेवटपर्यंत कापायची नाही असं ठरवलंय. बाकी सगळं कापता येईल.

३ फेब्रुवारी

आमचा ग्रुप म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुप, रजिस्ट्रेशन काही नाही. नवीन ट्रस्ट काढून ८०जी (देणगी देणाऱ्याला आयकरात सवलत मिळते ती नोंदणी) मिळवायचं म्हटलं तर त्यात वर्ष जाईल. त्यामुळे ताई जिथे शिकवते त्या नृत्यसंस्थेच्या ट्रस्टला विनंती केली की पैसे तुमच्याकडे येऊ देत, वेगळं खातं ठेवा, खर्च आमच्या व्हाउचरवर. ट्रस्टींनी दोन मीटिंगा घेऊन हो म्हटलं. हे लेखी करून घ्या, कोण सही करणार, शिल्लक उरली तर कुणाची, तोटा आला तर कुणाचा, सगळं. आमचं दीड पानी पत्र आहे आणि त्याचा खूप उपयोग झालाय.

८०जी बद्दल सीएंकडून कळलेल्या कामाच्या गोष्टी. एक, रोख देणगी दोन हजारांच्या वर असेल तर देणाऱ्याला सवलत नाही. दोन, फक्त पावती देऊन भागत नाही, ट्रस्टला १०बीडी हा देणग्यांच्या तपशिलाचा फॉर्म भरावा लागतो आणि त्यातून १०बीई सर्टिफिकेट निघतं ते द्यायचं, म्हणून प्रत्येकाचा पॅन पहिल्याच दिवशी घ्या, नंतर मागितला की लोक संशयाने बघतात. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, नवीन करप्रणालीत ही सवलतच नाही. पगारदार मंडळी आता बहुतेक नवीन प्रणालीत आहेत, त्यामुळे "टॅक्स वाचेल" हे वाक्य मी पत्रकातून काढूनच टाकलंय. ज्याला हवंय तो विचारतो.

२६ फेब्रुवारी

सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर करायचा खर्च. सगळे सल्ला देतात सीएसआर मागा, मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के खर्च करावेच लागतात. पंधरवडा त्यातच गेला.

अडचण अशी आहे. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात कलेचं कलम आहे, राष्ट्रीय वारसा, कला आणि संस्कृतीचं जतन, पारंपरिक कला आणि हस्तकलांचा विकास असं. आता आमचा बॅले पारंपरिक नाही आणि वारसाही नाही. एका ठिकाणच्या बाई फार चांगल्या होत्या, त्या म्हणाल्या भरतनाट्यम असतं तर मी आज फाइल पुढे केली असती. शिवाय एकदाच होणारा कार्यक्रम सीएसआरमध्ये बसत नाही असं सरकारचं २०१४ पासूनचं परिपत्रक आहे, आणि पोस्टरवर लोगो हवा असेल तर तो मार्केटिंगचा खर्च, सीएसआर नाही. म्हणजे ज्या डिपार्टमेंटकडे पैसा आहे त्याला आम्ही चालत नाही आणि ज्याला चालतो त्याच्याकडे आमच्यासाठी पैसा नाही.

एकच दार उघडलं. एका उत्पादन कंपनीने शाळांमधल्या नृत्य कार्यशाळांसाठी दोन लाख द्यायची तयारी दाखवली, शिक्षणाच्या कलमाखाली. घेतले. पण ते पैसे बॅलेचे नाहीत आणि मी ते बॅलेच्या हिशेबात एक रुपयाही धरलेले नाहीत, नर्तकांना कार्यशाळेचं मानधन मिळेल एवढाच फायदा. यात सरमिसळ करायचा मोह होतो, करू नका, शेवटी विनियोगाचं प्रमाणपत्र सीएला द्यावं लागतं.

केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाच्या निर्मिती अनुदानासाठी ट्रस्टतर्फे अर्ज तयार करतोय. दर्पण पोर्टलचा (सरकारचं स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणीचं पोर्टल) नंबर आणि तीन वर्षांचे ऑडिट केलेले हिशेब ट्रस्टकडे आहेत, म्हणून शक्य आहे. यावर्षीच्या प्रयोगाला हे पैसे मिळतील असं धरायचं नाही.

१९ मार्च

बांधकाम क्षेत्रातल्या एका कंपनीकडून निरोप, तीन लाख देतो, सरळ स्पॉन्सरशिप. ग्रुपवर आनंदीआनंद. मग मीटिंगमध्ये कळलं की त्यांना विषय आवडलाय पण धरण फुटण्याचा भाग नको, "निसर्गाचा कोप आणि पुणेकरांची जिद्द" असं करा, आणि पत्रिकेत धरण, बांधकाम, चौकशी असे शब्द नकोत.

परत येऊन दोन तास बोललो. आमच्यातल्या निम्म्यांचं मत होतं घ्यावेत, नाचात शब्द कुठे असतात, कोण बघतंय. ताई काही बोलली नाही, तिने फक्त तिसऱ्या भागाचा व्हिडिओ लावला, धरण वाचवायला जवान रात्रभर वाळूची पोती रचतायत तो, सहा जण एकमेकांच्या पाठीवर वजन देत भिंत होतात आणि ती भिंत खालून सुटत जाते. तो भाग काढला तर उरतं काय? पानशेत पावसाने फुटलं नाही, अर्धवट धरणात पाणी साठवायची घाई झाली म्हणून फुटलं, हे पुण्यात शेंबड्या पोराला माहीत आहे. नाही कळवलं. आजही मला ते बरोबरच वाटतं आणि तीन लाख लागत होते हेही तितकंच खरं आहे.

२ मे

क्राउडफंडिंग महिनाभर चालवलं, काल बंद झालं. लक्ष्य पाच लाख, जमले २,१५,०००, प्लॅटफॉर्मचं कमिशन, त्यावरचा जीएसटी आणि पेमेंट गेटवे वजा जाता हातात १,९३,०००.

काय शिकलो ते सविस्तर लिहिते. यात दोन प्रकार असतात, लक्ष्य पूर्ण झालं तरच पैसे मिळणारं आणि जमेल तेवढं मिळणारं. आम्ही दुसरं घेतलं म्हणून हे तरी हातात आलं. पहिल्या चार दिवसांत साधारण निम्मे पैसे आले आणि ते सगळे आमच्याच ओळखीचे, घरचे, जुने विद्यार्थी. मग तीन आठवडे जवळजवळ शांतता. शेवटच्या दोन दिवसांत परत थोडे. अनोळखी माणसाने व्हिडिओ बघून पैसे दिले असं फारच क्वचित झालं. म्हणजे प्लॅटफॉर्म लोक आणून देत नाही, तुमचेच लोक तिथे नेऊन त्यांच्या पैशांतलं कमिशन द्यायचं असा तो व्यवहार आहे. ओळखीच्यांनी थेट ट्रस्टच्या खात्यात दिले असते तर बावीस हजार वाचले असते, म्हणजे जवळजवळ तीन तालमी.

टी-शर्ट, पहिल्या रांगेची तिकिटं अशी बक्षिसं ठेवणार होतो, सीए म्हणाले मोबदला दिला की ती देणगी राहत नाही, मग ८०जी नाही. सगळं काढून टाकलं, फक्त आभाराच्या यादीत नाव.

परदेशातल्या पैशांचं नीट वाचा, इथे भले भले अडकतात. ट्रस्टकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्या घ्यायची सरकारी परवानगी, नाही. भारतीय पासपोर्टवाले एनआरआय स्वतःच्या कमाईतून देऊ शकतात, त्याला अडचण नाही. पण ज्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलंय ते ओसीआय कार्ड असलं तरी परदेशी स्रोत धरले जातात आणि त्यांचे पैसे एफसीआरए शिवाय घेता येत नाहीत. ताईची एक मावशी न्यू जर्सीला असते, लहानपणी नारायण पेठेत वाढलेली, पूर डोळ्यांनी पाहिलेला. तिने मनापासून पाचशे डॉलर देऊ केले आणि आम्हाला नाही म्हणावं लागलं. फोनवर ती रडली. मग तिने आठवणी रेकॉर्ड करून पाठवल्या, वीस मिनिटांच्या, आणि त्यातला एक तुकडा आता सुरुवातीलाच वापरतोय.

९ जून

आज जे सुचलं ते आधी का सुचलं नाही असं सगळ्यांना वाटतंय.

निवडणुकीच्या धामधुमीत मे महिना फुकट गेला, कुणाला भेटायला वेळ नाही, पैसे आटलेले, तालमी मात्र सुरू. मी काकांच्या वर्षश्राद्धाला एका आश्रमात गेले होते, तिथे भिंतीवर बोर्ड, एका दिवसाच्या जेवणाचा खर्च अमुक, तिथी लावण्यासाठी ऑफिसात भेटा. तिथेच डोक्यात आलं की आपणही तालमीची तिथी लावू. एक दिवसाची तालीम ७,५००. तारीख तुमची, वाढदिवस असो की आईची पुण्यतिथी. त्या दिवशी तालमीला येऊन बसा, चहा आमच्याबरोबर घ्या.

ग्रुपवर टाकलं, संध्याकाळपर्यंत अकरा तारखा गेल्या!

माझ्या मते याचं कारण असं की "कलेला मदत करा" म्हटलं की माणसाला कळत नाही किती द्यायचे आणि त्याचं काय होणार. ७,५०० मध्ये आठ पोरं चार तास नाचतात हे कळतं. आणि तालमीचे पैसे कुणी देत नाही हे जे मी जानेवारीत लिहिलं होतं ते खोटं ठरलं, कुणी मागतच नव्हतं. काही जण निम्मी तिथी मागतात, दोघांत मिळून एक, तेही चालतं.

शूजचंही तसंच केलं. एक जोड सात हजार. बाराच्या बारा जोड आठवड्यात गेले, त्यातले पाच ताईच्या जुन्या विद्यार्थिनींनी मिळून.

१२ जुलै

पुराचा दिवस. सहकारनगरमधल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये दहा मिनिटांचा भाग दाखवला. ही वसाहत पूरग्रस्तांचीच, पेठांमधली घरं गेली त्या लोकांना इथे जागा मिळाल्या. हॉलला गुळगुळीत टाइल्स, पॉइंटवर नाचणं धोक्याचं, म्हणून सगळ्या सॉफ्ट शूजवर नाचल्या. लाइट्स नाहीत, दोन पंखे, स्पीकर घरचा.

समोर सत्तरी-ऐंशीतली मंडळी. एक आजोबा आधीच म्हणाले, बॅले म्हणजे शांती बर्धन यांच्या लिटल बॅले ट्रूपचं रामायण, माणसं कठपुतळ्यांसारखी हलायची, ते मी बघितलंय, तुमचं काय ते दाखवा. (तो ट्रूप १९५२ मध्ये मुंबईतच उभा राहिला, म्हणजे आपल्याकडे हे काही परकं नाही, हे मी तेव्हापासून प्रत्येक पत्रात लिहायला लागले.)

दाखवून झाल्यावर बराच वेळ कुणी काही बोललं नाही, मग सगळे एकदम बोलायला लागले. कुणाच्या घरात पाणी कितव्या पायरीपर्यंत आलं, दुसरा पूर येतोय म्हणून उठलेली अफवा, निसेन हटमधलं (पूरग्रस्तांसाठीच्या अर्धगोल पत्र्याच्या तात्पुरत्या खोल्या) राहणं. एक आजी उठून सरळ ताईकडे आल्या आणि म्हणाल्या, "अगं, तू पाणी समोरून आणलंस. आम्हीसुद्धा सगळे नदीकडेच बघत उभे होतो. ते मागच्या गल्लीतून आलं, गटारातून वर. आमच्या पाठीशी आलं तेव्हा कळलं." ताईने तिथल्या तिथे त्यांचा हात धरून त्यांना खुर्चीवर बसवलं आणि परत सांगायला लावलं, गल्ली कुठे होती, पाणी घोट्यापर्यंत यायला किती वेळ लागला, आवाज होता का. आजी म्हणाल्या आवाज नव्हता, आधी वास आला.

त्या दिवशी डब्यात ६१,५०० जमले, बहुतेक पाचशेच्या नोटा आणि चेक. पण त्याहून महाग पडली ती आजींची सूचना, अक्षरशः. ताईने दुसरा भाग पूर्ण मोडला, आता सगळे प्रेक्षकांकडे बघत उभे आणि पाणी होणाऱ्या चौघी मागच्या विंगेतून त्यांच्या पाठीशी येतात. सहा तालमी वाढल्या, ४५,०००. मी एका शब्दाने विरोध केला नाही.

२८ जुलै

२५ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडला एकतानगरीत घरांमध्ये शिरलं. लष्कर बोलवावं लागलं. आमच्यातला एक मुलगा तिथे तळमजल्यावर राहतो, त्याच्या घरात छातीएवढं पाणी, गाद्या, फ्रिज, आईचं शिवणाचं मशीन सगळं गेलं.

तालमी बंद, सगळे चिखल काढायला गेलो. पैसे मागणंही बंद. एकाने सुचवलं की आत्ताच पोस्ट टाका, विषय ताजा आहे. टाकली नाही. लोक घरातला गाळ उपसतायत तेव्हा त्यांच्या नावाने आपण नाचासाठी पैसे मागायचे नाहीत.

दोन तिथीवाल्यांनी विचारलं आमचे पैसे मदतीला वळवाल का, ट्रस्टच्या खात्यातून तसं वळवता येत नाही म्हणून त्यांचे त्यांना परत केले. त्या मुलाचं चुकलेल्या तालमींचं मानधन दिलं, यावर मीटिंगसुद्धा लागली नाही.

२० ऑगस्ट

शूज. ज्यांनी कधी पॉइंट शू हातात घेतला नाही त्यांच्यासाठी सांगते. पुढचं टोक, ज्याला बॉक्स म्हणतात, ते लाकडाचं वगैरे नसतं, कापड, कागद आणि खळ यांचे थर असतात, वरून सॅटिन. घामाने आणि दमटपणाने खळ मऊ होते. पुण्यातला पावसाळा आणि त्यात आमच्या तालमीच्या हॉलला गळती. एरवी नीट टिकणारे जोड पंधरा दिवसांत मेले, बोटांवर सगळा भार यायला लागला, एकीची नखं काळी पडली. फिजिओने तिला दहा दिवस पॉइंट बंद सांगितलं.

उपाय जे लागू पडले: एकच जोड रोज न घालता दोन जोड आलटून पालटून, तालमीनंतर आत कागद न कोंबता उघडे वाळवायचे, बॉक्सच्या आत पातळ थर शेलॅकचा, आणि पहिले वीस-पंचवीस मिनिटं सॉफ्ट शूजवर. प्लास्टिकच्या पिशवीत घालून बॅगेत टाकणं पूर्ण बंद. तरीही चार जोड जादा घ्यावे लागले, २८,०००. बजेट करताना पावसाळा धरून करा.

४ सप्टेंबर

पेठेतल्या एका जुन्या सराफांनी एक लाख दिले. १९६१ मध्ये त्यांच्या वडिलांचं दुकान पाण्यात गेलं होतं. नाव कुठेही नको म्हणाले. शनिवारी गणपती बसतायत, व्यापारी मंडळी वर्गणीने बेजार आहेत, विसर्जनापर्यंत कुणाकडे जाणार नाही, नंतर पितृपक्ष. म्हणजे पैसे मागण्याच्या दृष्टीने ऑक्टोबर उजाडणार.

१६ ऑक्टोबर

काल विधानसभेची आचारसंहिता लागली, मतदान २० नोव्हेंबरला. बरं झालं की प्रयोग ३० नोव्हेंबर आणि १ डिसेंबरला ठेवले होते. एका हॉलने आधी दिलेली तारीख सभेसाठी मागे घेतली होती, म्हणून आम्ही दुसरीकडे, थोडं भाडं जास्त देऊन, लेखी करारासह घेतला. भाडं बजेटमधल्या ७५,००० मध्येच बसवलं, टेक्निकलचा अर्धा दिवस कमी करून.

तिकीट. पुढच्या रांगा ७०० ठेवायचा विचार होता. जीएसटीच्या सवलतीत नृत्य आणि नाटक आहे, त्यात बॅले हा शब्द चक्क लिहिलेला आहे, पण माणशी पाचशेपर्यंतच. त्याच्या वर गेलं की १८ टक्के, आणि ट्रस्टचा जीएसटी नंबर असल्याने सुटका नाही. म्हणून ५००, ३०० आणि विद्यार्थ्यांना १५०. कलाकारांच्या मानधनावर जी वेगळी सवलत आहे ती मात्र लोककला आणि शास्त्रीय कलांनाच, आम्ही त्यात बसत नाही.

नर्तकांचं मानधन वर्षाला तीस हजारांच्या (ही २०२४ मधली मर्यादा) वर जातंय म्हणून सीएंनी १० टक्के टीडीएस कापायला सांगितला. पोरांना धक्का बसला, सातशेचे सहाशे तीस का? रिटर्न भरलं की परत मिळेल हे समजावलं आणि सगळ्यांची रिटर्न एकत्र भरून द्यायचं कबूल केलंय. हे पहिल्या दिवशी सांगायला हवं.

रेकॉर्ड केलेल्या आवाजांची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे मंजुरीसाठी पाठवली आहे.

२९ नोव्हेंबर

टेक्निकल. मार्ली फ्लोअर (नाचासाठी स्टेजवर पसरायचं व्हिनाइल) मुंबईहून आला, दोन मीटर रुंदीचे पाच रोल. हॉलचा स्टेज नाटकाचा, फळ्यांत खिळे, सेट ओढून पडलेले खड्डे. आधी गुडघ्यावर बसून सगळा स्टेज हाताने चाचपला, वर आलेले खिळे ठोकले, खड्ड्यांवर टेप. मग रोल पसरून तासभर नुसते पडू दिले, घाईत चिकटवले तर फुगे येतात. टेम्पो टोलनाक्यापाशी अडकल्याने सगळं दुपारी सुरू झालं आणि लाइट्सच्या काकांना रात्री दीडपर्यंत थांबावं लागलं. फ्लोअरचा खर्च ६२,००० वर गेला. अर्धा दिवस वाचवला तो इथे महागात पडला, टेक्निकलला पूर्ण दिवस घ्याच.

१५ डिसेंबर

दोन्ही प्रयोग झाले. दुसऱ्या दिवशी वरच्या रांगाही भरल्या. सहकारनगरच्या आजी पहिल्या प्रयोगाला आल्या होत्या, पाणी पाठीमागून आलं तेव्हा शेजारच्या बाईंना म्हणाल्या, "हे मी सांगितलं."

हिशेब. आले: तालमीच्या तिथी ४१ म्हणजे ३,०७,५००, तिकिटं कमिशन जाऊन २,५८,०००, क्राउडफंडिंग १,९३,०००, सराफ १,००,०००, शूज ८४,०००, सहकारनगर ६१,५००. एकूण १०,०४,०००.

गेले: तालमी ६६, ४,९५,०००. संगीत १,२०,०००, शूज १,१२,०००, दिग्दर्शन १,००,०००, लाइट्स आणि साउंड ८५,०००, हॉल ७५,०००, फ्लोअर ६२,०००, कपडे ५८,००० (इथे जोरात कात्री लावली, पाण्याच्या चौघींचे कपडे जुन्या नऊवारींतून शिवले आणि ते नव्यापेक्षा चांगले दिसले), छपाई वगैरे २६,०००, फिजिओ २४,०००. एकूण ११,५७,०००.

तूट १,५३,०००. नर्तकांचं सगळं मानधन चुकतं झालंय. राहिलेत ताईचे ६०,०००, संगीतकाराचे ५०,००० आणि लाइट्सचे ४३,०००. तिघांनाही लेखी कळवलंय, तोंडी "देतो हो" असं ठेवलेलं नाही. अनुदानाचा निकाल अजून नाही.

जानेवारीअखेर मुंबईत एक प्रयोग ठरलाय, आयोजक १,७५,००० देणार, अर्धे आगाऊ. आठ तालमी ६०,०००, बस २२,०००, शूजचे चार जोड २८,०००, फ्लोअर आयोजकांचा. म्हणजे ६५,००० उरतील. त्यातले ४३,००० आधी लाइट्सच्या काकांना, कारण त्या रात्री थांबलेल्या दोन ऑपरेटरना त्यांनी स्वतःच्या खिशातून दिलेत. बाकीचे २२,००० संगीतकाराला. ताई म्हणाली तिचं शेवटी ठेवा, मी ते मार्चमध्ये तिथ्या परत सुरू करून देणार आहे, २ मार्चपासूनच्या तारखा रिकाम्या आहेत.